बेलभंडारा

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात मी एका वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतला. विषय होता ‘धर्म आणि राजकारण’. दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक मिळाले. भाषणासाठी मी एक वाक्य घोकून ठेवले होते : धर्म देवघरात राहू द्या, राजकारण चावडीवर राहू द्या. वाक्याला टाळ्या पडल्या. परीक्षकांनीही माना डोलावल्या. त्या रात्री मात्र वसतिगृहाच्या खोलीत मला बराच वेळ झोप लागली नाही. आमच्या गावात महादेवाचे देऊळ आणि जुनी चावडी यांची भिंत एकच आहे. त्या भिंतीच्या अलीकडे, देवळात, मी स्वतः एकदा जे केले होते, ते मी भाषणात सांगितले नव्हते. सांगितले असते तर दुसरा क्रमांक गेला असता. पण भाषण खरे झाले असते. ते राहिलेले भाषण आज या अंकात लिहून काढतो आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, माळकरी आहेत. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांनी तुळशीची माळ घातली. त्याआधी ते पीत असत, असे माय सांगते. मला त्यांचे ते रूप ठाऊक नाही. तीन एकर कोरडवाहू रान आणि दसरा-दिवाळी झाली की कोयता, हा आमचा संसार. आपल्या महाविद्यालयातल्या निम्म्या मुलांना हे सांगण्याची गरज नाही. मुकादमाकडून उचल घ्यायची, ट्रकमध्ये भांडी, धान्य, शेळी आणि पोरे भरायची, आणि सोलापूर, सांगली, कोल्हापूर किंवा थेट कर्नाटकातल्या कारखान्यावर जाऊन कोपी घालायची. मीही दोन वर्षे त्यांच्याबरोबर गेलो, म्हणून माझी शाळा मागे पडली.

धर्माने माणसाला नीती येते का, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या तासाला येतो तेव्हा माझ्यापुढे आण्णांची माळ उभी राहते. एकदा हंगाम संपल्यावर हिशेबात मुकादमाच्या हातून आमच्या नावावर दोन हजार रुपये जास्त जमा झाले. मायला ते कळले होते, मलाही कळले होते. आण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन वही दुरुस्त करून आले. ‘‘गळ्यात माळ हाय,’’ एवढेच म्हणाले. उचल घेऊन पळून गेलेली कितीतरी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांची अडचणही मला समजते. पण आण्णांच्या नावावर बाकी राहिली तर ती पुढच्या हंगामात पहिल्यांदा फिटायची.

अर्थात माळेने सगळेच सरळ झाले होते, असे मी म्हणणार नाही. आमच्या गावच्या सप्ताहात कीर्तन संपले की लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात. वारकऱ्यांची ही रीत फार मोठी आहे. पण काल्याच्या पंगतीत मात्र एका आळीची माणसे मी लहान असेपर्यंत वेगळी बसत. पाया पडताना नसलेली जात पत्रावळीवर परत येत असे. आण्णांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मीही केली नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

डिसेंबर २०२२ मध्ये आमच्या ग्रामपंचायतीची निवडणूक होती. मतदान १८ तारखेला होते. निम्मे गाव ऊसतोडीला गेलेले. अशा वेळी काय होते ते तुम्हांला माहीत आहे. पॅनेलवाले कारखान्यावर गाड्या पाठवतात, मतदारांना रात्रीतून गावी आणतात आणि मतदान झाले की परत नेऊन सोडतात. मी बारावीला होतो, गावातच आजीजवळ राहत होतो, आणि मतदार यादीत माझे नाव पहिल्यांदाच आले होते. आण्णा आणि माय शनिवारी रात्री गाडीतून उतरले. अंगाला उसाच्या पाचटाचा वास, आणि मायच्या हाताला नवी चिंधी बांधलेली.

सरपंचपद महिलेसाठी राखीव होते. एका बाजूला आमच्या मुकादमाचे पॅनेल होते. मुकादम आमच्या भावकीतला, आमच्याच समाजाचा. दुसऱ्या बाजूला एक बाई उभ्या होत्या. सगळे गाव त्यांना मावशी म्हणते. मावशी दुसऱ्या आळीच्या, दुसऱ्या जातीच्या. दुष्काळात टँकरसाठी तहसील कचेरीवर त्यांनी किती खेटे घातले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. टँकर आला तेव्हा पहिला हंडा त्यांनी आमच्या आजीला भरू दिला होता. मत कोणाला द्यावे याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

रात्री दहाच्या सुमारास निरोप आला, घरटी एक माणूस देवळात या. गाभाऱ्यासमोर घोंगडी अंथरली होती. समईच्या उजेडात एक पितळी ताट, त्यात बेलाची पाने आणि भंडारा. मुकादम बाजूला उभा होता. मी त्याला वाईट माणूस म्हणून रंगवू इच्छीत नाही. सप्ताहाची पहिली पंगत तोच देतो, पंढरीच्या दिंडीला ट्रक तोच देतो, आणि त्याच्या स्वतःच्या डोक्यावर कारखान्याचे कर्ज असते. एकेक जण पुढे होत होता, ताटातला बेल आणि भंडारा उचलून कपाळाला लावत होता आणि म्हणत होता, ‘‘महादेवाच्या साक्षीनं, माझ्या घरातली मतं आपल्या पॅनेललाच.’’ कोणी मोठ्याने म्हणत होता, कोणी पुटपुटत होता. एकाने उचलला की मागच्याला मागे फिरणे अवघड होत होते.

आण्णांची पाळी आली. ते पुढे झालेच नाहीत.

‘‘आण्णा, उचला की,’’ मुकादम म्हणाला.

‘‘न्हाई मुकादम. मला माळ हाय.’’

‘‘माळ हाय म्हणूनच तर. तुमी उचलला की आमाला काळजीच न्हाई.’’

‘‘म्हणूनच उचलत न्हाई,’’ आण्णा म्हणाले. ‘‘तुमच्या उचलीचा कोयता तुमच्या फडात चालतोय. त्यात कसूर झाली तर बोला. मताची उचल म्या घेतलेली न्हाई.’’

देवळात एकदम शांतता झाली. मुकादमाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हिशेब होता. तो मला दिसला. आमच्या नावावरची बाकी, बहिणीचे ठरत आलेले लग्न, माझे पुढचे शिक्षण, सगळे माझ्या डोळ्यांसमोरून गेले. आणि मी पुढे झालो. ‘‘आमच्या घरचा म्या उचलतो,’’ असे म्हणून ताटातला बेल घेतला, भंडारा कपाळाला लावला आणि सगळ्यांनी म्हटले ते वाक्य म्हटले. मुकादमाने माझ्या पाठीवर हात ठेवला. आण्णा काही बोलले नाहीत. पायरीवर जाऊन त्यांनी चपला घातल्या.

त्या वेळी माझ्या मनात काय होते ते प्रामाणिकपणे सांगतो. मी स्वतःला शहाणा समजत होतो. मी अंधश्रद्धा निर्मूलनावर शाळेत निबंध लिहिला होता. भंडारा म्हणजे हळद आणि बेल म्हणजे झाडाचे पान, हे मला ठाऊक होते. उचलायचे, मुकादम खूश करायचा, घर वाचवायचे आणि मत मात्र मावशींना द्यायचे, असा माझा बेत होता. गुप्त मतदान कशासाठी असते? आण्णा भाबडे, मी हुशार!

दुसऱ्या दिवशी शाळेच्या खोलीत पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी एकटा उभा राहिलो. समोर मशीन. मावशींच्या चिन्हासमोरच्या बटनापर्यंत बोट गेले, आणि तिथेच थांबले. माझ्या कपाळावर भंडारा नव्हता, सकाळीच धुऊन टाकला होता. पण तो तिथे आहे असे वाटू लागले. आजी आजारी होती. माय दुपारी त्याच गाडीतून परत जाणार होती. घाटातला रस्ता वाईट. काही झाले तर? मी शपथ मोडली आणि गाडीला काही झाले तर? वाचकहो, हसू नका. दोन-तीन क्षण मी तसाच उभा होतो. मग माझे बोट खाली सरकले आणि मी पॅनेलचे बटन दाबले. मशीनचा लांब आवाज झाला. माझ्या आयुष्यातले ते पहिले मत.

पॅनेल निवडून आले. माझ्या एका मताने काही बिघडले किंवा घडले असे नाही. पण ते मत माझे नव्हते, एवढे खरे.

दुपारी गाडीची वाट पाहत असताना मी आण्णांना सगळे सांगितले. ते चिडतील असे वाटले होते. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग चक्क हसले.

‘‘म्हंजे तू देवाला भेलास व्हय?’’

‘‘तुमाला भ्या न्हाई वाटलं?’’ मी विचारले. ‘‘तुमी तर एवढं देवाचं करता.’’

‘‘मला काहून वाटंल? महादेव काय मुकादमाच्या पॅनेलचा हाय?’’

एवढे बोलून ते गाडीत चढले. त्या एका प्रश्नाचे उत्तर मी तीन वर्षे शोधतो आहे.

त्याचा परिणाम काय झाला तेही सांगितले पाहिजे. नाहीतर गोष्ट फार सोपी वाटेल. मी बेलभंडारा उचलूनही मुकादम आण्णांचा नकार विसरला नाही. २०२३ च्या हंगामात त्याने ‘टोळी भरली’ असे सांगितले आणि उरलेली बाकी दसऱ्याच्या आत मागितली. आण्णांनी दुभती गाय आणि दोन शेळ्या विकून ती चुकती केली. दुसऱ्या तालुक्यातल्या मुकादमाने उशिरा, कमी उचलीवर त्यांना घेतले. बहिणीचे लग्न एक वर्ष पुढे गेले. मी प्रथम वर्षाला प्रवेश घेतला तो संध्याकाळी एका किराणा दुकानात पुड्या बांधून. श्रद्धेने केलेल्या कृत्याचे फळ देव लगेच पदरात टाकतो, असे निदान आमच्या घरी तरी झाले नाही. आण्णांनी त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. माय मात्र एकदा गायीच्या रिकाम्या दावणीजवळ उभी असलेली मी पाहिली.

महाविद्यालयात आल्यावर राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा शिकवला. त्यातल्या कलम १२३ मध्ये निवडणुकीतील भ्रष्ट आचारांची यादी आहे. धर्म, जात, भाषा यांच्या नावाने मत मागणे हा भ्रष्ट आचार आहे, हे आपण सगळे ऐकून असतो. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी त्याचा अर्थ अधिक व्यापक केला. पण त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. मतदाराच्या मनात ‘तुझ्यावर दैवी कोप होईल’ असा समज निर्माण करणे किंवा तसा प्रयत्न करणे, हाही गैरवाजवी दबाव आहे. भारतीय दंड विधानात तर ही तरतूद १९२० सालीच घातली गेली होती. सर हे शिकवीत होते तेव्हा माझे कान तापले. शंभर वर्षांपूर्वीच कोणीतरी ते पितळी ताट पाहिले होते आणि त्याला नाव दिले होते. ग्रामपंचायतीची निवडणूक वेगळ्या कायद्याने होते, पण तत्त्व तेच. कायद्याने गुप्त मतदान दिले ते शेजाऱ्याच्या डोळ्यापासून लपण्यासाठी. पण आपल्या आत बसलेल्या भीतीपासून पुठ्ठ्याचा आडोसा कसा वाचवणार? मला तरी वाचवू शकला नाही.

मी ही हकिगत पहिल्यांदा सांगितली ती माझ्या खोलीतल्या मित्राला. तो बौद्ध कुटुंबातला आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘‘आमच्या घरी भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची तसबीर आहे. त्याही शपथाच आहेत ना?’’ १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना त्या प्रतिज्ञा दिल्या. मित्र पुढे म्हणाला, ‘‘त्यांत कुणाला मत द्यायचं हे कुठंच नाही. कसं जगायचं ते आहे. खोटं बोलणार नाही, चोरी करणार नाही, दारू पिणार नाही.’’

मी आण्णांच्या माळेचा विचार करीत होतो. माळ आणि ती तसबीर एका घरात शोभणार नाहीत. बावीस प्रतिज्ञांतल्या पहिल्या काही तर आण्णांच्या देवांना नाकारणाऱ्याच आहेत. तरीही दोन्ही शपथा माणसाने स्वतःच्या जगण्याला घातलेल्या आहेत. बेलभंडारा ही दुसऱ्याने आपल्या जगण्याला घातलेली शपथ आहे. पहिली माणसाला ताठ करते, दुसरी वाकवते. दोन्ही धर्माच्याच नावाने घेतल्या जातात, म्हणून आपली गफलत होते. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत आमदार-खासदारांना ईश्वरसाक्ष शपथ घेण्याची किंवा देवाचे नाव न घेता गांभीर्यपूर्वक वचन देण्याची मोकळीक आहे. म्हणजे संविधानाने राजकारणातून शपथ काढून टाकली नाही. फक्त ती कोणाच्या साक्षीने घ्यायची, हे ज्याच्या त्याच्यावर सोडले.

धर्म मानणारा माणूस राजकारणात आला की सगळे बिघडते, हे माझ्या भाषणातले मतही मग मला टिकेनासे झाले. आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. ते संन्यासी होते. शाळा सोडून ते हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या लढ्यात उतरले आणि तुरुंगात गेले. अंगावर भगवे वस्त्र असूनही त्यांची मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची, सगळ्या प्रजेसाठी. आणि त्याच काळात हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांच्या विरुद्ध लिहिले, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. एक संन्यासी आणि एक मुसलमान संपादक. दोघांनाही त्यांच्या धर्माने कोणाच्या बाजूला उभे राहायचे ते ठरवून दिले नव्हते. ते त्यांनी स्वतः ठरवले.

माझे आजोबाही माळकरी होते. १९६७ साली बीडमधून क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर लोकसभेत निवडून गेले. आजोबांनी तेव्हा विळा-कणसाला मत दिले होते, असे आजी सांगायची. आषाढीला पंढरीला गेले आणि निवडणुकीला विळा-कणसावर शिक्का मारला. त्यांना त्यात विसंगती वाटली नाही. गड-दिंड्यांच्या या जिल्ह्याने तेव्हा देवाला देव आणि मताला मत ठेवले होते. ही गोष्ट आम्ही विसरलो आहोत.

आता गडाविषयी लिहितो. लिहिताना हात थोडा थांबतो, कारण भगवानगडावर माझे डोके आजही टेकते. भगवानबाबांचा जन्म सावरगावचा, १८९६ सालचा. १९६५ मध्ये त्यांनी देह ठेवला. गावोगावच्या जत्रांतली पशुहत्या थांबवा, पोरांना शिकवा, हा त्यांचा आग्रह आमच्याकडची म्हातारी माणसे अजून सांगतात. मी आज या अंकात लिहितो आहे, त्यात त्या आग्रहाचा काही वाटा नक्की आहे.

सहा-सात वर्षांचा असताना आण्णांच्या खांद्यावर बसून मी गडावरचा दसरा मेळावा पाहिला आहे. गोपीनाथ मुंडे बोलत होते. दसरा झाला की लोक ऊसतोडीला निघणार. त्याआधी आपला माणूस आपल्या मजुरीविषयी काय बोलतो, ते ऐकायला माणसे आलेली. ३ जून २०१४ रोजी मुंडेसाहेब गेले तेव्हा आण्णा रडले, तसे ते स्वतःच्या बापासाठीही रडले नव्हते. पुढे २०१६ साली गडावरून राजकीय भाषण नको, अशी भूमिका महंत नामदेवशास्त्री यांनी घेतली. त्या वर्षी ११ ऑक्टोबरचा मेळावा गडाच्या पायथ्याशी झाला आणि पुढच्या वर्षापासून तो बाबांच्या जन्मगावी सावरगावला होऊ लागला. आमच्या घरी तेव्हा मोठी वादावादी झाली. आण्णांचे म्हणणे असे, ‘‘वर डोकं टेकवायचं, खाली भाषण ऐकायचं. दोन्ही करायचं, पर येगयेगळं.’’ आणि त्यांनी दोन्ही केले.

१२ ऑक्टोबर २०२४ चा दसरा मात्र निराळा होता. एकाच दिवशी सावरगावला पंकजा मुंडे यांचा मेळावा आणि नारायणगडावर मनोज जरांगे यांचा. आमच्या वसतिगृहातले दोघे जिवलग मित्र सकाळी दोन वेगळ्या गाड्यांत बसले. दोघेही माळकरी घरातले, दोघांच्याही घरी पंढरीची वारी. दोन्ही मेळाव्यांना संताचेच ठिकाण का हवे होते? मला वाटते, जिथे आपण चप्पल काढून बसतो तिथे आपण वाद घालत नाही. ऐकलेले सगळे प्रसादासारखे घेतो. सभेच्या मैदानात माणूस ‘‘हे कशावरून?’’ असे विचारू शकतो. समाधीसमोर विचारत नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी, ९ डिसेंबर २०२४ रोजी, केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. न्याय न्यायालय करील. मला लिहायचे आहे ते आमच्या खोल्यांबद्दल. त्या आठवड्यापासून वसतिगृहात आडनावे मोठ्याने उच्चारली जाऊ लागली. एका ताटात जेवणारी मुले वेगळी बसू लागली. सप्ताहाच्या पंगतीतली ती जुनी रेघ आता मेसमध्ये ओढली गेली होती. एका माणसाला हाल करून मारले, याचे दुःख करण्याआधी मेलेला कोणाचा आणि मारणारे कोणाचे, हे विचारले जात होते. मीही पहिल्यांदा तेच विचारले. हे लिहिताना मला लाज वाटते.

मंत्री धनंजय मुंडे यांच्या राजीनाम्याची मागणी होत असताना, ३१ जानेवारी २०२५ रोजी भगवानगडाच्या महंतांनी गड त्यांच्या पाठीशी असल्याचे जाहीर केले. २ फेब्रुवारीला देशमुख कुटुंबीय गडावर गेले, तेव्हा गड त्यांच्याही पाठीशी असल्याचे महंतांनी सांगितले. ४ मार्चला मंत्र्यांनी राजीनामा दिला. महंतांच्या हेतूविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. पण ते दोन-तीन दिवस सगळा महाराष्ट्र ‘गड कोणाच्या पाठीशी’ असे विचारत होता, आणि मला पुन्हा ते पितळी ताट दिसत होते. गड बोलला की आमच्यासारख्या हजारो घरांनी भंडारा कपाळाला लावला, असे गृहीत धरले जात होते. आम्हांला कोणी विचारले नव्हते.

आण्णा तेव्हा कोल्हापूरकडे फडात होते. मी फोन केला आणि विचारले, ‘‘आण्णा, आता गडाचं काय म्हणायचं?’’

पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. ते ओरडून म्हणाले, ‘‘म्या बाबांच्या समाधीला जातो. पुढं बी जाईन. त्या सरपंचाच्या लेकराबाळांचं वाईट झालं, हे कळायला मला गड कशाला लागतो?’’

वाचकहो, मला जे म्हणायचे आहे ते याहून जास्त नाही. धर्माने आण्णांना खरेखोटे ओळखायला शिकवले, आणि एकदा शिकवल्यावर दर वेळी कोणाला विचारायची गरज ठेवली नाही. माझ्याजवळ श्रद्धा नव्हती, असे मी समजत होतो. पण श्रद्धेची भीती तेवढी उरली होती, आणि ती भीती ज्याच्या हातात ताट आहे त्याच्या कामाला आली. राजकारणाला माणसाच्या श्रद्धेचा त्रास होत नाही. श्रद्धाळू माणूस ‘नाही’ म्हणाला, की मग त्रास होतो. म्हणून धर्म देवघरात कोंडा, हे माझे टाळ्यांचे वाक्य मी मागे घेतो. आण्णांचा धर्म त्या रात्री चावडीच्या भिंतीला खेटून उभा होता, आणि तिथे तो हवाच होता. तिथे नको होते ते ताट.

गेल्या कार्तिकीला मायने पंढरीहून माझ्यासाठी तुळशीची माळ आणली. मी घालावी अशी तिची फार इच्छा आहे. मी आण्णांकडे पाहिले. ते म्हणाले, ‘‘घालायची तर घाल. पर कुणी म्हणलं म्हणून घालू नगंस. म्या म्हणलो म्हणून बी न्हाई.’’

माळ माझ्या पेटीत आहे. अजून घातलेली नाही. आमच्या ग्रामपंचायतीची पाच वर्षांची मुदत २०२७ च्या अखेरीस संपते. तेव्हा देवळात पुन्हा घोंगडी अंथरली जाईल, समई लागेल, घरटी एक माणूस बोलावला जाईल. आण्णा आता थकले आहेत. आमच्या घरून मलाच जावे लागेल. त्या रात्री मी काय करीन, हे स्पर्धेच्या भाषणात सांगता येण्यासारखे नाही. ते तिथेच, समईच्या उजेडात, सगळ्या गावासमोर ठरेल.